काना-मात्रा बाई

आमच्या शाळेच्या वाचनालयात त्या रुजू झाल्या तेव्हा त्यांचं वय सेहेचाळीस होतं आणि मुलांना शिकवण्याचा अनुभव शून्य. त्याआधीची बावीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवली होती. मी त्या शाळेत भूगोल शिकवायचो. शिक्षकांची खोली आणि वाचनालय यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत होती, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं निम्मं मी पाहिलं, निम्मं ऐकलं. उरलेलं बाईंनी स्वतः सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून.

छापखान्यात त्यांचं काम जोडीनं चालायचं. समोर एक म्हातारे गृहस्थ बसत, त्यांना सगळे वाचककाका म्हणत. काका मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचत आणि बाई छापून आलेल्या कच्च्या कागदावर पेन्सिलीचं टोक अक्षराखालून सरकवत नेत. काका नुसते शब्द वाचत नसत. "दुसरी वेलांटी, स्वल्पविराम, काना, मात्रा, वर अनुस्वार" असं सगळं वाचत. 'दिन'ची वेलांटी चुकली तर दिवसाचा गरीब होतो, हा त्यांचा आवडता विनोद. नव्या माणसाला ते एकच गोष्ट शिकवत. "डोळा फार आळशी असतो. पहिलं अक्षर दिसलं की म्हणतो, कळलं, कळलं, चल पुढे. आपलं काम म्हणजे त्याचा कान धरून त्याला मागे आणायचं." डोळ्याला कान कुठून आले, असं बाईंनी एकदा विचारलं होतं. त्यावर काका म्हणाले, "ही चूक तुम्हाला दिसली म्हणजे तुम्ही या धंद्यात टिकाल."

त्या टिकल्या, पण छापखाना टिकला नाही. मालक गेले, मुलांनी जागेत गाड्यांचं शोरूम काढलं. बाईंच्या मोठ्या बहिणीचे यजमान आमच्या शाळेत हेडक्लार्क होते. वाचनालयाची जागा तीन वर्षं रिकामी होती. मुख्याध्यापिकांनी मुलाखतीत विचारलं, "मुलं सांभाळता येतील?"

"ते माहीत नाही. पुस्तकं सांभाळता येतील."

"तेवढं पुरे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. तोवर आमच्या वाचनालयाकडून कुणाची त्यापेक्षा जास्त अपेक्षाही नव्हती.

वाचनालय म्हणजे चार लोखंडी कपाटं, दोन लांब टेबलं आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. त्यातल्या शेवटच्या अक्षराचा काना कुणीतरी खरवडून काढला होता, त्यामुळे पाटीवर गेली कित्येक वर्षं 'शांतता राख' असं होतं. आम्ही सगळे तिच्याखालून जात-येत होतो. बाईंनी पहिल्याच दिवशी शिपायाकडून काळा रंग मागवला, स्टुलावर चढल्या आणि तो काना जागेवर बसवला. नववीच्या तिसऱ्या तुकडीतली मुलं दारातून बघत होती. मधल्या सुट्टीपर्यंत त्यांचं नाव 'काना-मात्रा बाई' पडलं होतं. ते पाडणारा मुलगा त्या तुकडीतला रेडिओ. त्यालाही मुलांनीच हे नाव दिलं होतं, कारण तो कधी बंदच व्हायचा नाही.

दर गुरुवारी या तुकडीचा वाचनाचा तास असे. अडतीस मुलं यायची, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक दिलं जायचं, आणि चाळीस मिनिटांनी ते परत घेतलं जायचं. गडबड झाली नाही म्हणजे तास चांगला झाला. बाई तिसऱ्याच गुरुवारी माझ्याकडे आल्या.

"सर, या वर्गातली अकरा मुलं वाचत नाहीयेत."

"अकराच? मग बरंच बरं चाललंय की!" मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ती पानं उलटतात. पण प्रत्येक पानाला सारखाच वेळ लावतात. चित्राचं पान असो की गच्च मजकुराचं. वाचणाऱ्या माणसाची पानं अशी घड्याळासारखी उलटत नाहीत."

त्या दिवशी त्यांनी रेडिओला जवळ बसवून एक पान मोठ्यानं वाचायला लावलं होतं. त्यानं काय वाचलं म्हणता! समुद्रात वादळ उठलं, जहाज फुटलं, खलाशानं दोघांना केस धरून वाचवलं. आवाजात चढउतार, मध्ये मध्ये योग्य जागी थांबणं, सगळं झकास. बाई पेन्सिल घेऊन पान बघत होत्या. पानावर एक खलाशी किनाऱ्यावर बसून जाळं दुरुस्त करत होता. वादळाचं नावही नव्हतं.

"छान सांगितलंस," बाई म्हणाल्या. "आता पानावर काय आहे ते सांग."

रेडिओ हसला, मग हसायचा थांबला. बाईंनी एका शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता 'प्रमाण'. तो म्हणाला, "परिणाम."

हे सांगून झाल्यावर बाईंनी माझ्याच चाचणीचे पेपर मागितले. 'नकाशाचे प्रमाण म्हणजे काय?' असा माझा प्रश्न होता. त्या अकरा जणांपैकी नऊ जणांनी नकाशाच्या परिणामांवर लिहिलं होतं. कुणी लिहिलं होतं की नकाशामुळे माणूस हरवत नाही. कुणी लिहिलं होतं की नकाशाचे परिणाम चांगले व वाईट असे दोन प्रकारचे असतात. मी सगळ्यांना शून्य दिलं होतं आणि प्रत्येकाच्या पेपरवर लाल शाईनं लिहिलं होतं, 'प्रश्न नीट वाचा!'

बाईंनी ते नऊ पेपर माझ्यासमोर एकाशेजारी एक मांडले. "सर, ज्याला वाचता येत नाही त्याला तुम्ही वाच म्हणून सांगितलंत. तेही लिहून."

मला राग आला. तो राग स्वतःवरचाच होता हे कळायला एक-दोन दिवस गेले.

ही मुलं नववीपर्यंत आली कशी, असं कुणीही विचारेल. तशीच आली, जशी गर्दीत माणसं पुढे सरकतात. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, मार्गदर्शकातली उत्तरं कुणाकडून तरी ऐकून पाठ करायची, शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचं. त्यांच्यातल्या एका मुलीची वही तर वर्गात सगळ्यात सुंदर होती. अक्षर मोत्यासारखं. ती वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, व्हॉलीबॉलच्या संघात पुढच्या रांगेत खेळायची, सगळे तिला शिडी म्हणायचे. तिची वही बघून बाई म्हणाल्या, "ही अक्षरं लिहीत नाही, काढते. चित्रं काढतात तशी."

मराठीच्या शिक्षिकेकडे बाई गेल्या तेव्हा तिनं हात टेकले. "मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? पण माझे बावीस धडे आहेत हो. जे तिसरीत व्हायला हवं होतं ते मी नववीत कुठल्या तासाला करू? तुम्हाला जमलं तर करा, मी आडवी येणार नाही." आणि ती खरंच आडवी आली नाही. पुढे शनिवारचा आपला एक तासही तिनं बाईंसाठी सोडला.

बाईंनी सुरुवात केली, पण चुकीची. शेजारच्या प्राथमिक शाळेतून त्यांनी अंकलिपी मागून आणल्या आणि शाळा सुटल्यावर अकरा जणांना अर्धा तास थांबवलं. चौदा-पंधरा वर्षांची मुलं, काहींना मिसरूड फुटलेलं, आणि समोर क कमळातला, ब बदकातला. खिडकीबाहेर बाकीचा वर्ग जमला. कुणीतरी बदकाचा आवाज काढला.

शिडीनं पुस्तक मिटलं. टेबलावरून बाईंकडे सरकवलं. "माझी बहीण दुसरीत आहे, बाई. हे तिला द्या." आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सात जण आले, तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी कुणीच नाही. पुढचे तीन गुरुवार शिडी वाचनालयात फिरकलीसुद्धा नाही, मैदानावर सराव आहे असं सांगायची.

बाई शिक्षकांच्या खोलीत येऊन चहा घेत म्हणाल्या, "चूक माझीच. अक्षर येत नाही म्हणजे अक्कलही पहिलीतली, असं मी धरून चालले. माझी पोर असती तर मीही तिचीच बाजू घेतली असती."

मग त्या वाचककाकांच्या घरी गेल्या. काका तेव्हा घरबसल्या दुसऱ्या एका छापखान्याची प्रुफं तपासत. त्यांच्याकडून वापरून झालेल्या कच्च्या कागदांचा एक गठ्ठा बाईंनी आणला. त्यात पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका होती, बसचं वेळापत्रक होतं, मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तक होतं आणि काही गोष्टीही होत्या. काकांनी केलेल्या दुरुस्त्या नसलेली प्रत मुद्दाम मागून घेतली होती, म्हणजे चुका जागच्या जागी होत्या.

तो गठ्ठा काखोटीला मारून त्या थेट मैदानावर गेल्या. सराव चालू होता. त्यांनी शिडीला बाजूला बोलावलं.

"माझ्याकडे काम आहे आणि माणसं नाहीत," त्या म्हणाल्या. "यात छपाईच्या चुका आहेत. शोधायच्या. जोडीनं करायचं काम आहे."

शिडी चेंडू हातात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, मला वाचता येत नाही." आजवर तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"माहीत आहे. म्हणून तर आले. ज्याला सराईत वाचता येतं त्याला चुका दिसत नाहीत. तो अंदाजानं पुढे जातो. तुला एकेक अक्षर बघावंच लागेल."

"खरं सांगताय की मला बरं वाटावं म्हणून?"

"थोडं खरं, थोडं बरं वाटावं म्हणून," बाई म्हणाल्या.

शिडी दुसऱ्या दिवशी आली. तिच्यामागोमाग बाकीचेही आले, कारण आता खिडकीतून बघणाऱ्यांना सांगायला कारण होतं. 'छापखान्याचं काम करतोय' म्हटल्यावर बदकाचा आवाज कोण काढणार?

भिंतीपलीकडून मला रोज ते ऐकू यायचं. एक जण मोठ्यानं वाचायचा, दुसरा कागदावर पेन्सिल सरकवायचा, आणि मग अदलाबदल. "प ला र जोडलेला, म ला काना, ण." "थांब, थांब, इथे र वेगळा छापलाय." सुरुवातीला अर्ध्या तासात चार ओळी व्हायच्या. अडेल तिथे बाई अक्षर फोडून दाखवत. जोडाक्षरांशी मुलांचं जुनं वैर होतं, आणि बाईंना त्यांच्याशी बोलायची बावीस वर्षांची सवय होती. जोडाक्षर दिसलं की घाबरून उडी मारायची नाही, त्याचे सुटे भाग करून परत जोडायचे, हे त्या सायकलच्या मिस्त्रीसारखं दाखवायच्या.

सगळ्यात हाल झाले रेडिओचे. त्याची जीभ डोळ्याच्या पुढे पळायची. त्याची जोडी शिडीशी लावली होती. त्यानं मनाचा एक शब्द घातला की शिडी पेन्सिल टेबलावर आपटायची.

"हे नाहीये इथे."

"असायला पाहिजे होतं!"

"पण नाहीये."

"लिहिणाऱ्याला सुचलं नसेल."

"मग तू तुझं पुस्तक काढ. हे वाच."

सहामाहीपर्यंत चार ओळींवरून मजल एका पानावर गेली होती. एकदा शिडीनं मधमाश्यांच्या पुस्तकात अशी चूक पकडली की बाईही चाट पडल्या. एका ओळीच्या शेवटी 'आणि' होतं आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा 'आणि'. ही चूक काकांच्या नजरेतून सुटली होती आणि बाईंच्याही. बाईंनी काकांना फोन केला. काका म्हणाले, "तिला फोनवर द्या." ते तिच्याशी काय बोलले ते कुणाला कळलं नाही, पण ती पुढे दिवसभर ताठ मानेनं हिंडली, आणि तिची मान आधीच बरीच वर होती.

दुसऱ्या सत्रात मुख्याध्यापिका बघायला आल्या. त्यांच्या कानावर सगळं गेलंच होतं. मीही दारात उभा राहिलो. शिडीनं मधमाश्यांचं एक अख्खं पान वाचून दाखवलं. एक काना इकडचा तिकडे नाही. मुख्याध्यापिकांचा चेहरा उजळला.

"शाब्बास! मग सांग बरं, राणीमाशी मेली तर पोळ्यात काय होतं?"

उत्तर तिसऱ्याच ओळीत होतं, शिडीनं आत्ताच वाचलं होतं. तिनं पानाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाकीच्या नऊ जणांनीही माना खाली घातल्या. रेडिओ म्हणाला, "भांडणं होत असतील, मॅडम. घरातलं मोठं माणूस गेलं की होतातच."

सगळे हसले. मुख्याध्यापिकाही हसल्या, पण जाताना दारात हळूच म्हणाल्या, "बाई, ही मुलं वाचतायत की अक्षरं मोजतायत?"

बाईंना ते लागलं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या टेबलाशीच बसून होत्या. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाल्या, "त्या बरोबर बोलल्या. आणि सर, एक सांगू? मुलांचं सोडा. मी बावीस वर्षांत इतकी पुस्तकं नजरेखालून घातली. एकाचीही गोष्ट मला धड सांगता येणार नाही. मला कधी कुणी विचारलंच नाही. वेलांटी बरोबर आहे ना, मग झालं. मला येत होतं तेच मी त्यांना शिकवलं."



उत्तर त्यांना घरातच मिळालं, आणि तेही ज्या गोष्टीचा त्यांना वर्षानुवर्षं वैताग यायचा त्या गोष्टीत. त्यांचे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला होते. सकाळी कामावर जाण्याआधी ते आपल्या आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेची पायरी कधी चढलेल्या नाहीत. पण त्या कधी सलग ऐकून घेत नसत. दर दोन वाक्यांना अडवायच्या. बाई आतून ओरडायच्या, "अहो आई, वाचू द्या ना त्यांना!"

मुख्याध्यापिका येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बातमी होती की एक पूल दुरुस्तीसाठी दोन महिने बंद राहणार.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "पूल बंद, मग पलीकडची माणसं दवाखान्यात कशी येणार?"

"ते लिहिलं नाही, आई."

"आणि दोनच महिने कशावरून? मागच्या खेपेलाही दोनच म्हणाले होते ना? तेव्हा किती लागले?"

"सहा."

"मग आठ धर. वाच पुढे."

बाई डबा भरत होत्या, त्या भरायच्या थांबल्या. त्या घरात अक्षर न येणारं एकच माणूस होतं आणि बातमी त्यालाच सगळ्यात जास्त कळली होती.

"आई," त्या म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर शाळेत याल?"

"मी? या वयात? कुठल्या वर्गात बसवणार आहेस?"

"नववीत."

"एकदम नववीत! बरं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचे गुडघे दुखत, म्हणून रिक्षानं आणावं लागलं. वाचनालयात खिडकीजवळ हाताची खुर्ची ठेवली. बाईंनी मुलांना सांगितलं, "या माझ्या सासूबाई. यांना वाचता येत नाही. तुम्ही वाचून दाखवायचं. त्यांना कळेपर्यंत."

रेडिओनं लगेच तोंड उघडलं. "आजी, खरंच एकही अक्षर येत नाही?"

"एकही नाही."

"मग इतकी वर्षं चालवलं कसं?"

"तू नववीपर्यंत चालवलंस तसंच," आजी म्हणाल्या. त्या दिवसापासून रेडिओ त्यांचा भक्त झाला.

पहिली गोष्ट शिडीनं वाचली. घड्याळं दुरुस्त करणारा एक तरुण एके सकाळी कुणाला न सांगता घर सोडून जातो, अशी. एका पानावर आजींनी हात वर केला.

"थांब गं. न सांगता का गेला तो?"

"ते दिलेलं नाही, आजी."

"असं कसं? कुणी उगाच जातं का? आधी काहीतरी झालं असणार. बघ जरा."

शिडीनं पान मागे उलटलं. हे मी भिंतीच्या फटीतून पाहिलं आणि मला नवल वाटलं, कारण ही मुलं पान नेहमी पुढेच उलटायची, मागे जाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिनं ओळीवरून पेन्सिल नेली. बराच वेळ गेला.

"इथे आहे," शिडी म्हणाली. "जेवताना भाऊ त्याला बोलला."

"काय बोलला?"

"'दिवसभर ही खेळणी घेऊन बसतोस, पोटाला काय घड्याळं खाणार?'"

"हां. म्हणजे राग आला त्याला."

"पण राग आला असं कुठेच लिहिलेलं नाही, आजी."

"सगळं लिहावं लागतं का? तू चिडतेस तेव्हा घरात चिठ्ठी लिहून ठेवतेस?"

शिडी हसली. मग परत त्या ओळीकडे बघत म्हणाली, "राग नाही आला त्याला. वाईट वाटलं. राग आला असता तर उलट बोलला असता."

आजींनी विचार केला. "हे मात्र तुझं बरोबर," त्या म्हणाल्या. "वाच पुढे."

नंतर बाईंनी मला सांगितलं की त्या वेळी त्यांनी स्वतःही पान मागे उलटून पाहिलं होतं, आणि त्यांनाही भावाचं ते वाक्य आठवत नव्हतं.

मग आजी मंगळवारी आणि गुरुवारी येऊ लागल्या. त्यांचे प्रश्न ठरलेले असत. हा कोण? असं का केलं? आता पुढे काय होईल असं वाटतं? मुलं घरून तयारी करून यायला लागली, कारण आजींसमोर अडकलं की त्या सोडत नसत. प्रुफांचं काम बंद झालं नाही, पण त्यातही आता आधी चूक आणि मग अर्थ असं चालायचं. रेडिओला तर त्याचा प्रांतच मिळाला. पुढे काय होईल याचे अंदाज लावण्यात त्याचा हात कोण धरणार? बाई त्याला म्हणायच्या, "लाव अंदाज, हवा तितका लाव. पण मग पानावर जाऊन बघायचं, खरा ठरला का." खोटा ठरला की तो लेखकाशी भांडायचा. भांडायचं तर वाचावं लागायचं.

मीही माझ्या वर्गात थोडी सुधारणा केली. प्रश्न फळ्यावर लिहिला की आधी 'यात विचारलंय काय?' हे मुलांकडून त्यांच्या शब्दांत वदवून घ्यायला लागलो. त्यात वेळ जातो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. त्या वर्षी माझा एक धडा राहिला. राहू दे म्हटलं.

मराठीच्या शिक्षिकेनं एकदा आजींना विचारलं, "आजी, इतक्या येता, तर तुम्हीही शिकून घ्या की."

"मी शिकले तर या पोरांना काम काय उरेल?" आजी म्हणाल्या. लोकांना वाटलं थट्टा करतायत. मला तसं वाटलं नाही.

दहावीच्या वर्षी त्यांचे गुडघे अगदीच गेले. तेव्हा मुलं तिघं-तिघं करून त्यांच्या घरी जायला लागली. परीक्षा तोंडावर असतानाही गेली. निकाल लागला त्याच्या पंधरा दिवस आधी आजी गेल्या. बाईंनी दोन दिवस रजा घेतली आणि तिसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं.

निकालाचं सांगायचं तर डोळे दिपवणारं काही झालं नाही. अकरांपैकी एका मुलीचं घर दुसऱ्या गावी हललं. एक मुलगा मध्येच मामाच्या गॅरेजमध्ये लागला, तोवर तो अडखळत का होईना वाचायला लागला होता. नऊ जण परीक्षेला बसले, सात पास झाले. रेडिओ गणित आणि विज्ञानात गेला, मराठीत मात्र बऱ्यापैकी मार्क पडले, आणि पुढच्या खेपेला बाकीचंही सुटलं. शिडीला माझ्या विषयात एक्केचाळीस मिळाले. मी पेपर तपासला असता तर मीही तेवढेच दिले असते. पण ते एक्केचाळीस तिचे स्वतःचे होते, कुठल्याही मार्गदर्शकाचे नव्हते. आता ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर असते.

पुढच्या वर्षी नववीची नवी मुलं आली. त्यांच्यातही निघालीच तशी, या खेपेला चौदा. बाईंनी मुख्याध्यापिकांना सांगून आता आठवीपासूनच मुलं घ्यायला सुरुवात केली. खिडकीजवळची खुर्ची पहिले काही दिवस रिकामी होती. बाई कुणाला शोधतही नव्हत्या. मग एका मंगळवारी शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशी फडकं हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. अठरा वर्षं त्या आमच्या शाळेत काम करत होत्या, रोज ती कपाटं पुसत होत्या.

"बाई, मलाही येत नाही वाचायला," त्या म्हणाल्या. "मी बसले तर चालेल?"

आम्हा कुणालाच ते माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. मावशी आजींपेक्षा मऊ होत्या, मुलांना फार अडवत नसत, पण कळलं नाही तर "परत" एवढंच म्हणत, आणि ते पुरत असे.

मी निवृत्त झालो तेव्हा बाईंच्या नोकरीची अजून सहा वर्षं उरली होती. निरोपाच्या कार्यक्रमानंतर मी वाचनालयात डोकावलो. त्या एक जाडजूड कादंबरी घेऊन बसल्या होत्या, बोट मधल्या एका पानात घातलेलं, आणि मागचं काहीतरी शोधत होत्या.

"पूर्वी दिवसाला शंभर पानं व्हायची माझी," त्या म्हणाल्या. "आता दहा पानांना तास लागतो. घरी हे हसतात मला."

"कशी आहे कादंबरी?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, समोरची खुर्ची माझ्याकडे ओढली आणि म्हणाल्या, "बसा. सांगते."

पाऊण तास सांगत होत्या.